वाफसा किती दिवसांचा?

सोमवारी, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, नवा हंगाम दोन दिवसांवर आलेला असताना हॉकीपटू कॉनर मॅकडेव्हिडने कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्स या संघाशी नवा करार केला. आठ वर्षांचा करता आला असता. त्याने दोनच वर्षांचा केला. पगार वाढवून मागितला असता तर तोही मिळाला असता. त्याने वर्षाला सव्वा कोटी डॉलर हा जुनाच आकडा कायम ठेवला. सहा दिवसांपूर्वीच मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हने वर्षाला एक कोटी ७० लाख डॉलरवर आठ वर्षांची सही केली होती. काप्रिझोव्ह मॅकडेव्हिडपेक्षा थोर आहे असे खुद्द मिनेसोटातही फारसे कुणी म्हणणार नाही.

ही बातमी ऐकून एडमंटनकरांचा जीव भांड्यात पडला, पण निम्माच. लगेच बोटे मोजणे सुरू झाले. २०२५-२६ चा हंगाम जुन्या कराराचा, पुढचे दोन नव्या कराराचे. म्हणजे २०२८ चा उन्हाळा. तोवर विजेतेपदाचा स्टॅन्ली कप घरी आला नाही, तर आजच्या घडीचा सर्वोत्तम हॉकीपटू कुठेही जायला मोकळा. या संघाकडे विजेतेपदासाठी खरोखर किती वेळ आहे आणि त्या वेळात त्याने काय करावे, हा प्रश्न म्हणूनच आज विचारण्याजोगा आहे.

उत्तर अमेरिकेतल्या क्रीडापानांवर अशा काळाला ‘खिडकी’ म्हणतात. अमक्या संघाची खिडकी उघडी आहे, तमक्याची बंद झाली. आपल्या शेतकऱ्याकडे याहून नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस पडल्या पडल्या पेरता येत नाही, पाभर चिखलात रुतते. फार थांबले तर ओल उडून जाते आणि बी उगवत नाही. या दोहोंमध्ये जमिनीची जी नेमकी अवस्था येते तो वाफसा. खिडकी माणूस आपल्या हाताने उघडतो आणि लावतो. वाफसा ओळखावा लागतो, आणि तो आला तेव्हा घरात बियाणे असावे लागते.

ही हॉकी अर्थातच खडकीच्या धनराज पिल्लेची नव्हे. ही बर्फावरची, पायांत स्केट आणि समोर रबराची काळी चकती. नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ, २०२५-२६ मध्ये प्रत्येकी ८२ सामने. मग १६ संघ बाद फेरीत, आणि तिथे चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे. कप उचलायला वसंत ऋतूत सोळा विजय मिळवावे लागतात.

दहा लाखांवर वस्तीच्या या शहराने एकेकाळी असे विजय भरभरून पाहिले. १९८४, १९८५, १९८७, १९८८ आणि १९९०: सात वर्षांत पाच कप. ९ ऑगस्ट १९८८ रोजी संघाने आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला, वेन ग्रेट्झकीला, लॉस एंजेलिसला देऊन टाकले, ती सल शहराच्या मनातून अजून गेलेली नाही. १९९० चा कप त्याच्याशिवाय आला आणि त्यानंतर एकही नाही. २००६ मध्ये अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात हार झाली आणि मग सलग दहा हंगाम बाद फेरीचेही दर्शन नाही. तळाला राहण्याचे एक बक्षीस या लीगमध्ये असते: नव्या खेळाडूंच्या निवडीत आधीचा मान. २०१०, २०११, २०१२ आणि २०१५ अशा चार वेळा ऑइलर्सना पहिली निवड मिळाली. चौथ्या खेपेला मॅकडेव्हिड मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर जर्मनीतल्या कोलोनचा लिऑन ड्रायसाइटल मिळाला होता. पाऊस पडला तो असा.

पेरणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा पीक हातातोंडाशी येऊन गेले. २०२४ च्या अंतिम फेरीत फ्लोरिडा पँथर्सने पहिले तिन्ही सामने जिंकले, ऑइलर्सनी पुढचे तिन्ही, आणि २४ जूनचा सातवा सामना २-१ असा हुकला. २०२५ मध्ये पुन्हा फ्लोरिडाच, आणि १७ जूनला सहाव्या सामन्यात ५-१ असा निकाल. दोन वर्षांत दोन अंतिम फेऱ्या आणि कपाटात काही नाही.

आता तराजूची एक बाजू पाहू. वाफसा अजून चांगला आहे असे म्हणणाऱ्यांकडे सर्वांत भक्कम मुद्दा पैशाचा आहे. या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे. पुढच्या हंगामात १० कोटी ४० लाख आणि त्यापुढच्या हंगामात ११ कोटी ३५ लाख होणार आहे. मॅकडेव्हिडचा सव्वा कोटीचा पगार २०१८ मध्ये सुरू झाला तेव्हा मर्यादेचा जवळपास १६ टक्के हिस्सा खात होता. २०२७-२८ मध्ये तोच ११ टक्क्यांवर येईल. ड्रायसाइटल (१ कोटी ४० लाख), बचावपटू एव्हन बुशार (१ कोटी ५ लाख) आणि डार्नेल नर्स (साडेब्याण्णव लाख) धरून चौघांचा मिळून खर्च २०२५-२६ मध्ये मर्यादेच्या ४८ टक्के होतो. दोन वर्षांनी तो ४१ टक्क्यांच्याही खाली जाईल. चार माणसांवर निम्मी तिजोरी रिकामी करणाऱ्या संघासाठी हा फरक म्हणजे दोन-तीन कसदार खेळाडू.

दुसरा मुद्दा प्रतिस्पर्ध्यांचा. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत डॅलसला ऑइलर्सनी सलग दोन वर्षे हरवले आहे. फ्लोरिडाचा कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्हच्या गुडघ्याला सप्टेंबर २०२५ च्या सरावात जबर दुखापत झाली, आणि तो सात ते नऊ महिने बाहेर राहील असे सांगण्यात आले. ज्या भिंतीवर दोनदा डोके आपटले तिचीच एक वीट निखळली आहे.

तिसरा मुद्दा घरच्याच इतिहासाचा. १९८३ मध्ये याच ऑइलर्सना न्यूयॉर्क आयलंडर्सनी अंतिम फेरीत चारही सामन्यांत हरवले होते. आयलंडर्सचा तो सलग चौथा कप होता. पुढच्याच वर्षी ऑइलर्सनी त्याच आयलंडर्सना हरवून पहिला कप घेतला. पिट्सबर्गने २००८ मध्ये डेट्रॉइटकडून हार खाल्ली आणि २००९ मध्ये त्याच डेट्रॉइटला सातव्या सामन्यात नमवले. खुद्द फ्लोरिडा २०२३ ची अंतिम फेरी हरून मग दोनदा जिंकली. हरणे हीसुद्धा या खेळातली एक नांगरट असते.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. इतिहासच सांगायचा तर बोस्टनचाही सांगावा लागेल. १९७७ आणि १९७८ च्या अंतिम फेऱ्या बोस्टनने माँट्रियलविरुद्ध गमावल्या. १९७९ च्या उपांत्य फेरीत, सातव्या सामन्यात, आघाडीवर असताना एक गडी जास्त बर्फावर उतरल्याची शिक्षा झाली आणि तोही सामना माँट्रियलकडेच गेला. बोस्टनचा पुढचा कप आला २०११ मध्ये. पिट्सबर्गची गोष्ट सांगणारे ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

मग वय. ड्रायसाइटल ऑक्टोबर २०२५ मध्येच तिशीत गेला. तेव्हा रायन न्यूजंट-हॉपकिन्स ३२ चा, झॅक हायमन ३३ चा, मॅटियस एकहोम ३५ चा. हायमन मनगटाच्या दुखापतीमुळे २०२५ च्या अंतिम फेरीत खेळूच शकला नाही आणि एकहोम त्या वसंतातले बहुतेक सामने बाहेर बसला. दोन वर्षांत नेहमीच्या हंगामावर २५ आणि २२ असे बाद फेरीचे ४७ सामने जादा झाले आहेत, तेही अंगावर धडका घेण्याचे. त्यात फेब्रुवारी २०२६ च्या मिलान हिवाळी ऑलिंपिकची भर, २०१४ नंतर प्रथमच लीगच्या खेळाडूंसह. मॅकडेव्हिडची कॅनडासाठी आणि ड्रायसाइटलची जर्मनीसाठी पुन्हा झीज.

बियाण्याची गोष्ट त्याहून चिंतेची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसने फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन तरुणांपुढे मोठ्या पगाराचे प्रस्ताव ठेवले. एडमंटनच्या तिजोरीत बरोबरी करायला जागा नव्हती आणि दोघे गेले. हॉलोवेने तिकडे पहिल्याच हंगामात गोल आणि पास मिळून ६३ गुण केले. २०२५ च्या निवडीत पहिल्या फेरीत ऑइलर्सना जागाच नव्हती, आणि २०२६ ची पहिल्या फेरीतली निवड बचावपटू जेक वॉलमन मिळवताना देऊन टाकली. बियाणे दळून खाण्याचाच हा प्रकार. त्याच वॉलमनला आता वर्षाला ७० लाखांवर सात वर्षांचा करार दिला आहे. तो संपेल तेव्हा वॉलमन ३७ वर्षांचा असेल. नर्सचे साडेब्याण्णव लाख २०३० पर्यंत चालू आहेत. ही उद्याच्या मजुरीवर घेतलेली उचल आहे. कधीतरी ती फेडावी लागते.

वाढत्या पगारमर्यादेचा आनंदही जरा तपासून घ्यावा. मर्यादा सगळ्या ३२ संघांची वाढते. सगळ्यांच्याच हाती जास्त पैसा आला की खेळाडूंचे भावही वाढतात. काप्रिझोव्हचा आकडा हा त्याचाच पुरावा. एडमंटनची खरी, एकट्याची कमाई आहे ती मॅकडेव्हिडने न मागितलेल्या पैशाची. शिवाय फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही आणि जानेवारीत ऊन असते. एडमंटनमध्ये कर आहे आणि पारा उणे वीसच्या खाली जातो. अनुभवी खेळाडू कमी पैशांत इथे येतात ते मॅकडेव्हिडच्या शेजारी खेळून कप मिळेल या आशेने. त्या आशेवर आता तारीख पडली आहे. कोरी पेरी, कॉनर ब्राउन, इव्हँडर केन आणि व्हिक्टर आर्व्हिडसन हे चौघे २०२५ च्या उन्हाळ्यातच गेले. त्यांतल्या पेरीने तर चाळिशीत आलेल्या पायांनी २०२५ च्या बाद फेरीत दहा गोल केले होते.

आणि गोलरक्षक. स्टुअर्ट स्किनर एडमंटनचाच मुलगा आहे, त्यामुळे त्याच्यावर होणारी टीका आणि माया दोन्ही घरच्या. २०२५ च्या वसंतात सलग चारपैकी तीन सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. त्याच स्किनरला पुढे अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत अर्ध्यावरून परत बोलवावे लागले. २०२४-२५ च्या हंगामात त्याने दर हजारातले ८९६ फटके अडवले, म्हणजे वाईट नाही आणि खासही नाही. खरी अडचण लहरीपणाची आहे: मृगात कोसळेल की आश्लेषापर्यंत वाट पाहायला लावेल, सांगता येत नाही. समोरच्या टोकाला फ्लोरिडाचा सर्गेई बोब्रोव्स्की होता, दोनदा लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेला. पराभवाचे सारे खापर स्किनरच्या माथी फोडणे मात्र अन्यायाचे होईल. फ्लोरिडाच्या आघाडीच्या खेळाडूंनी ऑइलर्सच्या बचावपटूंना त्यांच्याच टोकाला कोंडून धरले होते. जिथे मोकळा श्वास घ्यायला मिळत नाही तिथे गोलरक्षकाने किती अडवायचे?

दोन्ही पारडी भरली. आता एका गृहीताकडे पाहू, कारण या वादातले दोन्ही पक्ष ते न तपासता मान्य करतात. मॅकडेव्हिडचा बहर म्हणजेच संघाचा वाफसा, असे ते गृहीत. २०२४ मध्ये त्याने बाद फेरीत ४२ गुण केले, हरलेल्या संघात असूनही सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक त्यालाच मिळाले, आणि ते घ्यायला तो बर्फावर आलाही नाही. मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. २००३ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरने ६७३ धावा केल्या, मालिकावीर ठरला आणि कप ऑस्ट्रेलिया घेऊन गेली. त्याला कप मिळाला तो २०११ मध्ये वानखेडेवर, आणि त्या अंतिम सामन्यात त्याच्या धावा होत्या १८. गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ होत्या. सर्वोत्तम खेळाडूचा बहर आणि संघाचे विजेतेपद यांचा मुहूर्त एकच असतो असे नाही. शेजारची माणसे तयार होतात तेव्हा तो येतो.

अलेक्झांडर ओव्हेचकिनच्या वॉशिंग्टनचे तसेच झाले. २०१६ आणि २०१७ या दोन्ही हंगामांत साखळीत अव्वल राहूनही हा संघ दुसऱ्या फेरीत पिट्सबर्गकडून हरला. आता संपले, असे जाणकारांनी म्हणून टाकले. २०१८ मध्ये, तुलनेने साध्या दिसणाऱ्या संघाने, कप जिंकला. एकदा वाळलेल्या जमिनीवर पुन्हा पाऊस पडू शकतो.

उलट टोकाला शिकागो आहे. २०१०, २०१३ आणि २०१५ असे तीन कप जिंकल्यावर जोनाथन टेव्ज आणि पॅट्रिक केन यांचे प्रत्येकी एक कोटी पाच लाखांचे आठ वर्षांचे करार लागू झाले. त्यांच्या भाराखाली आसपासचे तरुण एकेक करून विकावे लागले. टेव्ज आणि केन गुण करत राहिले, पण सात सामन्यांची एकही मालिका शिकागोला त्यांच्या काळात पुन्हा जिंकता आली नाही. त्या वेळी शिकागोचे व्यवस्थापक होते स्टॅन बोमन. आज एडमंटनचे व्यवस्थापक तेच आहेत. वाफसा साधणे आणि वाफसा हुकवणे या दोन्हींचा अनुभव गाठीशी असलेला माणूस या खुर्चीत बसला आहे, हे ऑइलर्सचे भाग्य म्हणायचे की इशारा, हे त्यांच्या पुढच्या दोन-तीन निर्णयांवर ठरेल.

आमच्या मते वाफसा आहे. तो यंदापुरता नाही आणि अनंतही नाही. त्यातही सर्वांत भरवशाचे वर्ष २०२५-२६ नसून २०२६-२७ आहे. तेव्हा मर्यादा दहा कोटींच्या पुढे गेलेली असेल, मॅकडेव्हिडचा पगार जागचा हललेला नसेल, तो तिशीचा असेल आणि ड्रायसाइटल ३१ चा, म्हणजे दोघेही अजून उतारावर नसतील. घाबरून यंदाच सर्व काही पणाला लावण्याची म्हणूनच गरज नाही. पण स्वस्थ बसायलाही सवड नाही.

तीन गोष्टी कराव्यात. पहिली, गोलरक्षकाचा निर्णय यंदाच घ्यावा. स्किनरचा करार २०२५-२६ च्या अखेरपर्यंतचाच होता. मोकळ्या होणाऱ्या पैशाचा पहिला मान याच जागेला द्यावा. दर वसंतात मध्येच गोलरक्षक बदलणे ही योजना नव्हे.

दुसरी, मॅट सव्हॉय आणि आयझॅक हॉवर्ड या दोन तरुणांना हात लावू नये. सव्हॉय २०२४ मध्ये बफेलोकडून आला. हॉवर्ड २०२५ च्या उन्हाळ्यात टँपाकडून, अमेरिकी विद्यापीठ हॉकीचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन. फेब्रुवारी-मार्चच्या अदलाबदलीत एखाद्या ३३ वर्षांच्या नामवंतासाठी यांना देण्याचा मोह होईल, आणि त्या दिवशी टाळ्याही पडतील. पण मोठ्या पगाराचे चौघे परवडतात ते अशाच छोट्या पगारावरच्या पोरांच्या जिवावर. शिल्लक राहिलेले बियाणे एवढेच आहे.

तिसरी, उचल घेणे थांबवावे. वॉलमनचा करार झाला तो झाला. आणखी सात-आठ वर्षांची वचने कुणालाही देऊ नयेत. जो वेळ मॅकडेव्हिडने स्वतः मागितला नाही, तो दुसऱ्या फळीच्या खेळाडूंना कशासाठी द्यायचा?

राहता राहिला तो स्वतः. कॅनडातल्या एकाही संघाने १९९३ च्या माँट्रियलनंतर कप उचललेला नाही, त्यामुळे त्याच्या मनगटाकडे एका शहराचेच नव्हे, देशाचे डोळे लागलेले असतात. दोन वर्षांच्या सहीला काहींनी निष्ठा म्हटले, काहींनी धमकी. ती दोन्ही नाही. आपल्या वाट्याचे पैसे सोडून त्याने संघाच्या हाती बियाण्याची पुंजी दिली आणि सोबत तारीख लिहून दिली. इतका सरळ व्यवहार फार थोडे खेळाडू करतात. २०२८ मध्ये तो गेला तर एडमंटनने त्याला दोष देऊ नये. १९८८ मध्ये ग्रेट्झकी गेला तो शहराला न विचारता, या वेळी तीन हंगाम आधी सूचना मिळाली आहे.

ग्रेट्झकीने आपला शेवटचा स्टॅन्ली कप उचलला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. ओव्हेचकिनने पहिला उचलला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. मॅकडेव्हिडने नवी सही केली तेव्हा तो २८ वर्षांचा होता.